मनीचा उंदीर

डिंगोऱ्याला आजीची मनी दूध-भाकरीवर जगते, असं मला लहानपणी वाटायचं. परवा पुण्यात आमच्या बोक्याला पाकिटातल्या दाण्यांवरून कच्च्या मांसावर न्यायचं ठरवलं आणि आधी थोडा इतिहास चाळला.

१८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅटने लंडनमध्ये कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला काढली. तयार खाण्याचा धंदा तिथून वाढला. कुत्र्यांचं भागलं, मांजर मात्र पक्कं मांसाहारी. १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पिऑन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तयार खाण्यात टॉरिन कमी पडल्याने मांजरांची हृदयं निकामी होतायत. टॉरिन दिल्यावर बरीच मांजरं सुधारली. कंपन्यांनी मग ते वाढवलं.

टॉरिन मांसात असतं, भाकरीत नाही. मग मनी जगली कशी? कणगीजवळच्या उंदरांवर! उंदरात हाडं, काळीज सगळंच येतं. नुसत्या खिम्यात ते नाही, वर जंतूंची भीती. म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत दाणेच चालू. असो.