विस्तृतकोनी छायाचित्र आणि इतिहासाचा पुरावा

छायाचित्राला इतिहासाचे साधन म्हणून मान्यता मिळून बराच काळ लोटला आहे. तथापि जुने कागद हाताळताना अभ्यासक जे प्रश्न आवर्जून विचारतो (अस्सल की नक्कल, लेखक कोण, हेतू काय), ते छायाचित्राच्या बाबतीत क्वचितच विचारले जातात. विशेषतः एखाद्या नगराचा अथवा रणभूमीचा विस्तीर्ण देखावा समोर आला, की ‘यात सारेच आले आहे’ अशी समजूत सहज होते. ही समजूत कितपत ग्राह्य आहे, हे विस्तृतकोनी छायाचित्रणाच्या प्रयोगांचा इतिहास पाहिल्यावर ध्यानात येते.

१८३९ साली दागेरची प्रक्रिया प्रसिद्ध झाली. तिच्या पाठोपाठच एका अडचणीची जाणीव झाली. नदीकाठ, पर्वतरांगा, भरलेला बाजार हे डोळा फिरवून पाहता येते. भिंगाच्या कक्षेत मात्र त्यांचा लहानसा तुकडाच येतो. यावर तीन निरनिराळे उपाय पुढे आले : भिंग फिरविणे, अनेक चित्रे जोडणे आणि भिंगाचीच कक्षा रुंदावणे. या तिन्ही मार्गांनी काढलेली चित्रे वरवर सारखी दिसत असली, तरी पुरावा म्हणून त्यांचे मोल सारखे नाही.

पहिला मार्ग पॅरिसमधील उत्कीर्णक फ्रेडरिक फोन मार्टेन्स याने १८४४च्या सुमारास चोखाळला. त्याच्या यंत्रात भिंग हळूहळू फिरे आणि मागील अरुंद फटीतून येणारा प्रकाश वक्र केलेल्या रुपेरी पत्र्यावर पडे. या रीतीने सुमारे १५० अंशांचा देखावा एकाच पत्र्यावर उमटू लागला. परंतु अशा चित्राच्या दोन टोकांमध्ये काळाचे अंतर असते, आणि सरळ रस्ता वा धक्का कमानीसारखा वाकलेला दिसतो. १८५९ साली टॉमस सटन याने इंग्लंडमध्ये पाण्याने भरलेल्या गोलाकार भिंगाची योजना केली. ते सुमारे १२० अंशांचे दृश्य एकदम टिपत असे. मात्र त्यासाठी काचाही वक्र लागत, आणि त्या तयार करणे जिकिरीचे असल्याने ही योजना फारशी रुजली नाही.

दुसऱ्या मार्गाचे भारतीय इतिहासाशी निकटचे नाते आहे. फेलिचे बेआतो १८५८ साली भारतात आला. लखनौप्रमाणेच त्याने दिल्लीतही, जामा मशिदीच्या उंचीवरून, क्रमाने चित्रे घेऊन ती जोडली व नगराचा विस्तीर्ण देखावा सिद्ध केला. पुढे लाल किल्ला आणि जामा मशीद यांच्या दरम्यानची दाट वस्ती व बाजारपेठा इंग्रजांनी जमीनदोस्त करून टाकल्या. त्यामुळे बेआतोच्या दिल्ली-चित्रांना अनन्य महत्त्व आले आहे. एखाद्या वास्तूकडे रोखलेल्या चित्रात छायाचित्रकाराने निवडलेले तेवढेच येते. विस्तृत देखाव्यात त्याने मुद्दाम न निवडलेली घरे, छपरे आणि गल्ल्याही येतात. इतिहासकाराच्या दृष्टीने हा अनाहूत मजकूरच बहुधा अधिक मोलाचा ठरतो.

पण येथेच सावध राहावे लागते. त्या काळी काच बराच वेळ उघडी धरावी लागे. त्यामुळे चालती माणसे पुसट होत किंवा साफ नाहीशी होत. अशा चित्रातील रस्ते निर्मनुष्य दिसले, तर ते खरोखर ओस होते काय? १८५७च्या सप्टेंबरात दिल्ली पडल्यावर रहिवाशांना शहराबाहेर घालवून देण्यात आले होते. हिंदूंना १८५८ मध्ये परतू दिले गेले. मुसलमानांवरील निर्बंध त्यानंतरही चालू राहिले. म्हणजे रिकाम्या रस्त्याला दोन कारणे संभवतात, एक राजकीय आणि दुसरे केवळ रासायनिक. त्यांतील खरे कोणते, हे एकटे चित्र सांगू शकत नाही. त्यासाठी सरकारी दप्तर आणि त्या काळात दिल्लीतच राहिलेल्या गालिबची पत्रे यांकडे वळावे लागते. शिवाय लखनौच्या सिकंदर बागेच्या चित्रातील सांगाडे चित्रणासाठी मुद्दाम उघड्यावर आणले गेले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. देखावा विस्तीर्ण आहे एवढ्यावरून तो निर्हेतुक ठरत नाही.

तिसरा मार्ग भिंगरचनेचा होय. न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्निट्झर यांचे ‘ग्लोब’ भिंग १८६२ साली पुढे आले. १९०० साली गोर्त्स कंपनीसाठी एमिल फोन ह्यॉग याने रचलेल्या ‘हायपरगॉन’ने तर सुमारे १३५ अंशांची मजल गाठली. लेण्यातील मंडप किंवा अरुंद गल्ली अशा, मागे सरकण्यास वाव नसलेल्या जागी या भिंगांचे मोल उघड आहे. परंतु सपाट काचेवर मध्यापासून दूर जावे तसा प्रकाश झपाट्याने मंदावतो : मध्यरेषेपासून ४५ अंशांवर तो सुमारे चौथा हिस्सा, तर ६० अंशांवर सोळावा हिस्सा उरतो. म्हणून हायपरगॉनपुढे ताऱ्याच्या आकाराची छोटी चकती फुंकरीच्या जोराने फिरवून मधला प्रकाश कमी करीत. कडेच्या आकृती ताणल्या जातात, हा दुसरा परिणाम. ९० अंशांचे १० इंच रुंद चित्र ५ इंचांवरून पाहिले, तरच त्यातील प्रमाणे यथार्थ भासतात. इतक्या जवळून ते कोणी पाहत नाही. परिणामी जवळची वस्तू अवाढव्य, दूरची क्षुद्र आणि चौक प्रत्यक्षाहून प्रशस्त वाटतो.

या विकृतीचाच शास्त्रीय उपयोग पुढे झाला. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला सारे आकाश सुमारे ९७ अंशांच्या वर्तुळात दिसते. आर. डब्ल्यू. वुड याने १९०६ साली पाण्याने भरलेला कॅमेरा वापरून हे दृश्य टिपले. १९२४ साली रॉबिन हिल याने ढगांच्या निरीक्षणासाठी संपूर्ण आकाश एका काचेवर आणणाऱ्या भिंगाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे सरळ रेषा वाकतात, पण कोणत्या नियमाने वाकतात हे ठाऊक असल्याने ढगाची दिशा व उंचीचा कोन मोजता येतो.

इतिहासकाराने घ्यावयाचा बोध हाच होय. विकृती असणे हा पुराव्याचा दोष नव्हे. तिचा नियम न जाणणे हा वाचकाचा दोष होय. चित्र फिरत्या भिंगाचे, जोडलेले की रुंद कक्षेचे, कोठून व किती वेळात घेतलेले, याचा निर्णय आधी केला पाहिजे. तसे न करता रस्त्याची रुंदी, गर्दीचे प्रमाण किंवा नगराची उजाड अवस्था यांविषयी काढलेली अनुमाने, चित्र अस्सल असूनही, खोटी ठरण्याचा संभव आहे.