स्त्रियांचे हृदय आणि रक्तातील मेद

इ. स. १७६८ मध्ये लंडनचे नामांकित वैद्य विल्यम हेबरडेन यांनी तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे एका विकाराचे वर्णन वाचून दाखविले. चालताना, विशेषतः चढण चढताना, छातीत जीवघेणी कळ उठावी आणि उभे राहताच ती ओसरावी, असा तो हृच्छूल होय. हेबरडेन यांच्या निधनानंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा सुमारे शंभर रुग्णांचा उल्लेख आहे. त्यांत स्त्रिया अवघ्या तीन, मुलगा एक, आणि बाकीचे सारे पन्नाशीला टेकलेले वा ती ओलांडलेले पुरुष.

ही गणती प्रामाणिक होती. परंतु तिने वैद्यकावर पाडलेली छाप पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ पुसली गेली नाही. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांचा विकार म्हणजे कर्त्या पुरुषाचा विकार, अशी समजूत रूढ झाली. ती सर्वस्वी खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरली.

मध्यम वयात हा विकार पुरुषांना अधिक का गाठतो, याचे उत्तर शास्त्रज्ञ रक्तात शोधू लागले. १९१३ साली रशियातील निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत मेदाची पुटे चढतात, हे दाखवून दिले. मेद पाण्यात विरघळत नाही. म्हणून शरीर त्याची प्रथिनांशी गाठ घालून तो रक्तातून वाहून नेते. या मेदप्रथिनांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. कमी घनतेचे, म्हणजे एलडीएल, कोलेस्टेरॉल धमन्यांच्या भित्तींत साठविण्यास कारण होते. अधिक घनतेचे, म्हणजे एचडीएल, ते यकृताकडे परत नेण्यास साह्य करते. १९५१ साली न्यूयॉर्कच्या डेव्हिड बार व त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, निरोगी तरुण स्त्रियांच्या रक्तात हा दुसरा प्रकार पुरुषांपेक्षा अधिक असतो आणि हृद्रोग्यांत तो कमी असतो.

या भेदाचे मूळ बऱ्याच अंशी संप्रेरकांत आहे. तारुण्यात पदार्पण करताना मुलांमधील एचडीएल घटते, मुलींमध्ये ते फारसे घटत नाही. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेन यकृताकडून एलडीएल अधिक प्रमाणात उचलवून घेते. रजोनिवृत्तीनंतर मात्र हा आधार सुटतो आणि एलडीएल वाढू लागते. आजही एचडीएल कमी आहे की नाही हे ठरविताना पुरुषांसाठी ४० व स्त्रियांसाठी ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशा निरनिराळ्या मर्यादा मानतात.

यावरून एक मोहक निष्कर्ष निघाला: संरक्षण इस्ट्रोजेनमध्ये असेल, तर ते बाहेरून द्यावे. त्याचा पहिला मोठा प्रयोग झाला तो पुरुषांवरच. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट'मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ८,३४१ पुरुष होते. त्यांतील काहींना इस्ट्रोजेन देण्यात आले. मोठी मात्रा अपायकारक दिसल्याने १९७० मध्ये, तर लहान मात्रा निरुपयोगी दिसल्याने १९७३ मध्ये बंद करावी लागली.

दरम्यान मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावी १९४८ पासून ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी चालू होती. तीत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. स्त्रियांनाही हाच विकार होतो, परंतु सुमारे दहा वर्षे उशिरा, हे तिने स्पष्ट केले. मधुमेह जडला की स्त्रीचा हा लाभ बहुतांशी नाहीसा होतो, हेही तीतून दिसले. तरीही औषधोपचारांच्या मोठ्या चाचण्या पुरुषांवरच होत राहिल्या. कोलेस्टेरॉल उतरविल्याने हृद्रोग टळतो हे १९८४ साली ज्या चाचणीने दाखविले, तिचे ३,८०६ सहभागी सारे पुरुष होते. मध्यम वयाच्या स्त्रियांत झटके कमी, म्हणून त्यांची चाचणी खर्चिक, असा हिशेब त्यामागे होता. अशा रीतीने उशिरा येणारा रोग हा न येणारा रोग समजला गेला.

या समजुतीची किंमत रुग्णालयांत मोजावी लागली. १९९१ मध्ये डॉ. बर्नाडीन हीली यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या अन्यायाला 'येंटल सिंड्रोम' असे नाव दिले. आयझॅक बाशेविस सिंगर यांच्या कथेतील येंटल ही मुलगी शिकता यावे म्हणून पुरुषवेष घेते. त्याप्रमाणे स्त्रीने आपला रोग पुरुषासारखाच आहे हे सिद्ध केल्यावरच तिला पुरते उपचार मिळतात, असे त्यांचे म्हणणे होते. १९९३ साली अमेरिकेत सरकारी साह्याच्या चाचण्यांत स्त्रियांचा समावेश कायद्याने बंधनकारक झाला.

मग स्त्रियांवरच संप्रेरकांची परीक्षा झाली आणि तिने सर्वांना चकित केले. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आधीच हृद्रोग असलेल्या २,७६३ स्त्रिया होत्या. संप्रेरकांनी त्यांचे एलडीएल उतरले, एचडीएल चढले. झटके मात्र कमी झाले नाहीत, उलट पहिल्या वर्षी ते वाढले. २००२ साली १६,६०८ स्त्रियांची दुसरी चाचणी अपायांमुळे मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. रक्ततपासणीतील आकडा सुधारणे आणि हृदय सुरक्षित होणे या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात, हा धडा त्यांतून मिळाला.

असे असले तरी एलडीएल उतरविणाऱ्या स्टॅटिन औषधांचा प्रश्न निराळा आहे. २७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. सारखाच धोका असलेल्या स्त्रीपुरुषांना या औषधांचा लाभ सारखाच होतो, असे त्यात दिसले. मात्र सहभागींत स्त्रिया जेमतेम चौथाई होत्या. भारतासह ५२ देशांतील पाहणीने २००४ साली दाखविले की, धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेद इत्यादी कारणे दोघांतही तीच आहेत. दक्षिण आशियात तर पहिला झटका इतरांपेक्षा काही वर्षे आधीच येतो.

निसर्गाने स्त्रीला काही वर्षांची मुदत दिली आहे, माफी नव्हे. पन्नाशीपुढील गृहिणीला धाप लागली, जबडा वा पाठ दुखू लागली, मळमळून घाम फुटला, तर ते घरकामाच्या थकव्यावर वा पित्तावर ढकलून तिला निजवून ठेवणे धोक्याचे आहे. तिलाही तितक्याच तातडीने रुग्णालयात नेले पाहिजे. हेबरडेन यांच्या वहीत स्त्रिया तीनच होत्या. आज हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हे जगातील स्त्रियांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण आहे.