सिस्टिम कॉलच्या एररची हाताळणी (इम्युलेटर)

एका प्रोसेसरसाठी बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोसेसरवर चालत असताना त्याच्या सिस्टिम कॉलला, म्हणजे कर्नलकडे केलेल्या मागणीला, कर्नलने दिलेला नकार त्या प्रोग्रॅमला कळेल अशा रूपात पोचवण्याचे काम. फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्यूईएमयू या इम्युलेटरच्या ‘लिनक्स-युजर’ भागात ते पाहायला मिळते.

६४-बिट इंटेलवर लिनक्स कर्नल आपले उत्तर आरएएक्स रजिस्टरमध्ये ठेवतो. −१ ते −४०९५ मधला आकडा आला, तर ती एरर. ‘ऋण म्हणजे एरर’ एवढीच तपासणी धोक्याची असते: ३२-बिट यंत्रावर दोन गिगाबाइटच्या वरचा मेमरीचा पत्ताही ऋण दिसतो आणि मिळालेली मेमरी नाकारल्यासारखी वाटते. मिप्स या प्रोसेसरची रीत वेगळी. तिथे एरर घडल्याची खूण ए३ रजिस्टरमध्ये आणि धन आकडा व्ही० मध्ये असतो. पॉवरपीसी ही खूण कंडिशन रजिस्टरच्या एका बिटात ठेवतो, स्पार्क कॅरी बिटात.

आकडेही सगळीकडे सारखे नाहीत, आणि खरी मेख इथेच आहे. मिप्सच्या प्रोग्रॅमने एखादा नवा कॉल केला आणि इंटेलच्या जुन्या कर्नलला तो ठाऊक नसला, तर −३८ येतो. अर्थ, ‘असा कॉल नाही’. मिप्सवर याच अर्थाचा आकडा ८९ आहे. ३८ तसाच पुढे ढकलला, तर मिप्सवर त्याचा अर्थ ‘दुसरी पातळी जुळलेली नाही’ असा भलताच होतो. ८९ दिसताच जुन्या कॉलकडे वळणारी लायब्ररी मग वळतच नाही, आणि चालू शकणारा प्रोग्रॅम बंद पडतो. म्हणून प्रत्येक आकडा भाषांतराच्या तक्त्यातून गेलाच पाहिजे. यात हयगय चालत नाही.

५१२ हा आकडा मात्र प्रोग्रॅमपर्यंत कधीच जाऊ द्यायचा नसतो. सिग्नलमुळे कॉल अर्धवट सुटला, तो पुन्हा करा, असे तो सांगतो. त्यासाठी इंटेलचा प्रोग्रॅम चालवताना क्यूईएमयू प्रोग्रॅम काउंटर दोन बाइट मागे घेते, कारण तिथे सिस्टिम कॉलची सूचना दोन बाइटची असते. सिग्नल नेमका कॉलच्या उंबरठ्यावर आला तर तो हुकू नये, यासाठी छोटा असेंब्ली कोड वेगळा लिहावा लागतो.

प्रोग्रॅमने दिलेला पत्ताच खोटा निघाला, तर इम्युलेटरने तो वाचायला जाऊन स्वतः कोसळता कामा नये. १४ क्रमांकाची एरर परत द्यावी. लिनक्स टेस्ट प्रोजेक्टच्या चाचण्या असे खोटे पत्ते मुद्दाम देतात.