जोतीरावांचा डावा हात आणि आमचा उजवा

दोन वर्षांपूर्वी आम्हांला अर्धांगाचा झटका आला. काही आठवड्यांनी उजवा हात थोडा हलू लागला, पण बधिर. खिशात हात घातला तर किल्ली कुठली न् नाणं कुठलं, कळेना. धुळ्यात भेटायला येणारा जो तो आम्हांला एकच नाव सांगे: जोतीराव फुले.

उदाहरण मोठंच आहे. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवं अंग लुळं पडलं. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून १८८९ मध्ये पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक १८९१ मध्ये छापून आलं.

मग आम्हीही सगळं डाव्या हाताने करू लागलो. इथे आमचं चुकलं. का चुकलं, ते पाहू.

१८९५ मध्ये इंग्लंडात मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडांच्या एका हाताच्या फक्त संवेदना नेणाऱ्या नसा तोडल्या. हालचालीच्या नसा शाबूत होत्या, तरी माकडांनी तो हात वापरणं सोडलं. पुढे अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी दाखवलं, की चांगला हात बांधून ठेवला तर तोच टाकलेला हात कामाला लागतो. म्हणजे हात न वापरणं हीसुद्धा अंगवळणी पडलेली सवय असते. २००६ मध्ये २२२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्याला ३ ते ९ महिने झालेल्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे मोजा घातला, दुखऱ्या हाताकडून कसून सराव करून घेतला. सुधारणा वर्षभरानंतरही टिकली. अट एवढीच, की त्या हातात थोडी तरी हालचाल हवी.

जोतीरावांच्या काळी हे ज्ञान नव्हतं, आणि पुस्तक तर पुरं करायचं होतं.

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी डाव्या हाताला मोजा घातला. डोळे मिटून वाटीतली दादर आणि बाजरी उजव्या बोटांनी ओळखायची. चुकलं की डोळे उघडून बघायचं, पुन्हा मिटायचे. गरम पाणी मात्र आधी डाव्या हाताने तपासायचं, कारण बधिर हाताला चटका कळत नाही. आठ महिन्यांनी दादर ओळखू आली. बोटांची टोकं अजून पुरती जागी नाहीत.

तेव्हा घरात कुणाला झटका आला, तर जोतीरावांची गोष्ट जरूर सांगा. पण पेला पुढे करताना, डॉक्टरांना विचारून, त्याच्या दुखऱ्या हाताच्या बाजूने करा.