मंडपेश्वराचें लेणें आणि धर्माची कसोटी

आपला धर्म सनातन आहे, असें प्रत्येक धर्माचा अनुयायी म्हणतो. आणि तो धर्म बहुधा त्याच्या आईबापांचाच असतो. या दाव्याची परीक्षा ग्रंथांत करण्यापेक्षां दगडांत करणें सोपें, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं मुंबईकरांस दूर जावयास नको. बोरिवलीस, दहिसरच्या बाजूला, मंडपेश्वराचें लेणें आहे, तेवढें पुरे.

सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान केव्हां तरी शिवभक्तांनीं तें कोरविलें. आंत नृत्य करणाऱ्या शिवाचा मोठा शिल्पपट आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांस दिली, आणि त्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियु दु पोर्तु यानें या लेण्याचें चर्च केलें. वर टेकडीवर विद्यालय उठलें. त्याचे भग्नावशेष अद्याप उभे आहेत. लेण्याच्या एका बाजूस जुनें शिल्प तासून कोरलेला क्रूस आजहि दिसतो. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं साष्टी व वसई घेतली. पाद्री गेले, अनेक चर्चें ओस पडलीं. पुढें १७७४ सालीं साष्टी इंग्रजांकडे गेली. आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं असलेल्या या लेण्यांत पिंडीची पूजा होते, आणि शेजारच्या चर्चमध्यें प्रार्थना चालते.

या साऱ्या उलाढालींत वादविवाद एकदांहि निर्णायक ठरला नाहीं. शिव तर्कानें हरला नाहीं, क्रूसहि तर्कानें हरला नाहीं. निशाण बदललें तसा गाभाऱ्यांतील देव बदलला. खरा देव शेवटीं आपल्या घरीं परतला, असें भाविक म्हणतील. परंतु त्या पाद्र्यासहि आपलाच देव खरा वाटत होता. लेण्यांत पुन्हा पिंडी आहे हें पाहून आम्हांसहि बरें वाटतें, हें आम्ही लपवीत नाहीं. मात्र तें बरें वाटणेंच तपासून पाहिलें पाहिजे. तें सत्याच्या विजयाचें समाधान आहे, कीं आपल्या पक्षाच्या विजयाचें?

धर्म नसेल तर नीति कोण शिकवील, असा आक्षेप येथें येईल. त्याचें उत्तर जवळच कान्हेरीस मिळतें. तेथील शंभरांहून अधिक लेण्यांतील शिलालेखांत व्यापारी, गृहस्थ व भिक्षुणी यांनीं लेणीं आणि पाण्याचीं टाकीं दान दिल्याच्या नोंदी आहेत. कित्येकांनीं आपल्या आईबापांच्या पुण्यासाठीं हें केलें. त्यांस दानाची प्रेरणा धर्मानें दिली, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तेथील विहार ओस पडले तरी टाक्यांत पावसाचें पाणी सांठतच राहिलें. आणि तें पिण्यास दात्याच्या श्रद्धेची गरज कोणासहि पडली नाहीं. म्हणजे सत्कर्माची किंमत त्याच्या पाठीमागील मतावर अवलंबून नसते.

म्हणून कोणत्याहि धर्माविषयीं आम्ही दोनच प्रश्न विचारूं. सत्ता हातीं असतां त्यानें दुसऱ्याच्या देवाचें काय केलें? आणि सत्ता गेल्यावर त्याचें असें काय उरलें, जें परक्यासहि उपयोगी पडतें? हे प्रश्न पोर्तुगीजांस विचारणें सोपें आहे, कारण ते गेले. ज्यांचें आज राज्य आहे, त्यांनीं ते प्रथम स्वतःस विचारावे.