यकृतावरील वण

जखम भरून आली की तिच्या जागी वण राहतो, हा सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. कातडीवरचा वण फार तर रूप बिघडवतो. परंतु असेच वण यकृतात पडू लागले, म्हणजे ते प्राणावर बेततात. जी क्रिया शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी योजिली, तीच घातक का ठरावी? या प्रश्नाचा उलगडा होण्यास पावणेदोनशे वर्षे लागली.

स्टेथास्कोपचा जनक रने लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली आपल्या ग्रंथाच्या एका तळटीपेत आकसलेल्या, गाठाळ व पिवळसर यकृताचे वर्णन केले आणि पिंगट अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या रोगास ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. नाव रंगावरून पडले. कारण मात्र अज्ञातच राहिले.

पुढे १८७६ साली शास्त्रज्ञ कुप्फर हे यकृतातील मज्जातंतू शोधीत असता, सोन्याच्या क्षाराने रंगविलेल्या पातळ कापांत त्यांना ताऱ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. परंतु १८९८ मध्ये त्यांनी स्वतःच या पेशी रक्तातील कण गिळणाऱ्या पेशी होत, असे ठरविले आणि दोन भिन्न पेशींची गल्लत होऊन बसली. जपानमधील तोशिओ इतो यांनी १९५१ च्या सुमारास यकृतात मेदाचे थेंब साठविणाऱ्या पेशींचे वर्णन केले. अखेर १९७१ साली केंजिरो वाके यांनी दाखवून दिले की, इतोंच्या पेशी आणि कुप्फर यांच्या मूळच्या तारकापेशी एकच असून त्यांत ‘अ’ जीवनसत्त्व साठविले जाते.

हा निरुपद्रवी कोठारी वणाशी कसा संबंधित असेल, अशी शंका कोणालाही आली नसती. पण १९८५ साली अमेरिकेत फ्रीडमन आणि त्यांचे सहकारी यांनी उंदराच्या यकृतातून या पेशी वेगळ्या काढल्या, तेव्हा वणाचा धागा जे कोलॅजन, ते मुख्यत्वे याच पेशी विणतात, असे आढळले.

मग त्यांना विणण्याचा हुकूम कोण देतो? हा हुकूम पेशींपेशींमधून फिरणाऱ्या पेप्टाइडांचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्यांचा असतो. मद्याने वा विषाणूने यकृताच्या पेशी मरू लागल्या की शेजारच्या पेशी व रक्तातील बिंबाणू हे निरोप सोडतात. एका निरोपाने तारकापेशींची संख्या वाढते. ‘टीजीएफ-बीटा’ नामक दुसऱ्या निरोपाने त्या आपला जीवनसत्त्वाचा साठा टाकून कोलॅजन विणू लागतात. १९८६ साली हेच द्रव्य नवजात उंदरांच्या त्वचेखाली टोचले असता दोनतीन दिवसांतच तेथे तंतुमय ऊतक तयार झाले. १९८८ साली जपानमध्ये सापडलेले, अवघ्या २१ अमिनो आम्लांचे एंडोथेलीन या पेशींना आकुंचित करते. रक्ताच्या वाटा अरुंद होतात, आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतील दाब वाढतो आणि रोग्याला जलोदर होतो. जखम एकदाच झाली तर हे निरोप थांबतात. ती रोजच होत राहिली तर ते थांबत नाहीत. सारा अनर्थ येथेच आहे.

या शास्त्राची एक शाखा महाराष्ट्राच्या माजघरापर्यंत पोहोचते. भारतातील लहान मुलांच्या यकृताला ग्रासणाऱ्या एका प्राणघातक रोगाचा माग काढताना पुण्याचे डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. टॅनर यांनी १९८३ साली तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवून ठेवलेल्या दुधाकडे बोट दाखविले. दुधात उतरलेले तांबे तान्ह्या बाळाच्या यकृतात साचत होते. भांडी बदलली आणि हा रोग पुढे दुर्मीळ झाला.

एकदा पडलेला वण कायमचा, असा समज दीर्घकाळ होता. तोही आता राहिला नाही. ‘बी’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूवर पाच वर्षे औषध दिलेल्या रुग्णांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत आरंभी सिऱ्होसिस असलेल्या ९६ रुग्णांपैकी ७१ जणांच्या यकृतात तो उरला नव्हता. मूळ कारण दूर झाले की निरोप मंदावतात, तारकापेशी शांत होतात आणि विणलेले जाळे हळूहळू विरघळते. मद्य वेळीच सोडणे, काविळीची लस टोचून घेणे, विषाणूवर उपचार करणे, या साध्या गोष्टींचे मोल म्हणूनच मोठे आहे. यकृत सोशीक आहे. त्याच्या सोशीकपणाची परीक्षा मात्र कोणी पाहू नये.