एकट्याचे भिन्नमत

पवारांच्या जुन्या धार संस्थानच्या मुलखातले पीथमपूर आज उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाच्या कक्षेत येते. त्या न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला. आणि याच शहराचे नाव एका खटल्याने इतिहासात कोरले गेले.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली आणि 'मिसा' कायद्याखाली हजारो माणसे खटल्याविना तुरुंगात पडली. त्यांना न्यायालयाकडे दाद मागता येईल काय? जबलपूरच्या न्यायालयाने, इतर अनेक उच्च न्यायालयांप्रमाणेच, 'होय' म्हटले. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ मतांनी ते दार बंद केले. बहुमतात पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड होते. भिन्नमत एकट्या हंसराज खन्ना यांचे. जीवित व स्वातंत्र्य ही केवळ घटनेची देणगी नव्हे, असे त्यांनी बजावले. १९७७ मध्ये त्यांना डावलून कनिष्ठास सरन्यायाधीश नेमले गेले, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय रद्दबातल ठरविला. त्या निकालपत्रांपैकी एक यशवंतरावांचे पुत्र धनंजय यांनी लिहिले होते. पित्याची चूक पुत्राने दुरुस्त केली खरी. पण १९७६ साली कोठडीत असलेल्यांना त्याचा काय उपयोग? न्याय वेळेवर बोलला, तरच तो न्याय.